डिचोलीच्या वाचनालयाचा कॉम्प्युटर ताळ्यावर आणणाऱ्या दादांस

दादा, नमस्कार. नाव नको म्हणालात म्हणून टाकत नाही, पण आभार मात्र सगळ्यांसमोर मानणार. फोंड्याहून भर पावसात कदंबाच्या बसने आलात आणि चहाशिवाय काही घेतलं नाहीत.

आमचं पुस्तक देवघेवीचं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीच्या काळातलं, कुणीतरी हौसेने करून दिलेलं. जुना कॉम्प्युटर दमटपणाने गेला, नवा विंडोज ११ चा आला, सीडीवरून सेटअप चालवला आणि मग गंमत सुरू झाली. वाचनालय सांभाळणाऱ्या ताईंच्या लॉगिनमधून बघितलं तर आजची सगळी पुस्तकं दिलेली दिसायची, सेक्रेटरींच्या लॉगिनमधून तेच सॉफ्टवेअर उघडलं की त्यातलं एकही नाही, म्हणजे वाचक म्हणतोय पुस्तक परत केलं, ताई म्हणतायत हो केलं, आणि सेक्रेटरी म्हणतायत दिलंच कुठे होतं! वर प्रिंटर बंद तो वेगळाच.

तुमच्याआधी एकांनी फोनवर उपाय सांगितला होता, यूएसी (म्हणजे काही बदलण्याआधी परवानगी मागणारी विंडोजची राखण) बंद करा आणि अख्ख्या सी ड्राइव्हला एव्हरीवन फुल कंट्रोल, म्हणजे कुणालाही काहीही करायची मुभा, देऊन टाका. एक कुलूप अडलं म्हणून घराची सगळी दारं काढून ठेवायची तसलं ते. तुम्ही आल्याआल्या म्हणालात, कशालाही हात लावू नका, आधी अडतंय कुठे ते बघू. मला वाटतं तिथेच अर्धं काम झालं.

मग तुम्ही टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये यूएसी व्हर्च्युअलायझेशनचा कॉलम लावून दाखवलात, आमच्या सॉफ्टवेअरपुढे एनेबल्ड, म्हणजे चालू. जुनी सॉफ्टवेअर्स आपला डेटा प्रोग्राम फाइल्समध्येच, म्हणजे सॉफ्टवेअर्स बसतात त्याच फोल्डरात, लिहायला जातात, पण विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, साध्या युजरला तिथे लिहिता येत नाही, म्हणून विंडोज एरर न देता ते लिखाण गुपचूप त्या युजरच्या अ‍ॅपडेटामधल्या व्हर्च्युअलस्टोअर फोल्डरात वळवतं. प्रत्येक लॉगिनचं व्हर्च्युअलस्टोअर वेगळं, म्हणून ताईंच्या नोंदी ताईंनाच दिसायच्या. आणि यूएसी पुरतं बंद केलं असतं तर हे वळवणंही बंद झालं असतं, मग ताईंनासुद्धा काही दिसलं नसतं आणि आम्ही डेटा गेला म्हणून रडत बसलो असतो. हे ऐकून सेक्रेटरींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता (त्या फोनवाल्यांना त्यांनीच विचारलं होतं).

तुम्ही दोन्हीकडच्या फाइल्सची आधी कॉपी काढलीत, सॉफ्टवेअर प्रोग्राम फाइल्समधून उचलून सी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरात बसवलंत, तिथे ताईंची फाइल टाकलीत. सेक्रेटरींच्या थोड्या नोंदी होत्या त्या ताईंनी हातानेच भरल्या.

प्रिंटरचं खरं कौतुक. तुम्ही सीडीवरची बॅच फाइल (सेटअपच्या वेळी ओळीने चालणाऱ्या कमांडची यादी) नोटपॅडमध्ये उघडलीत आणि त्यात कॅकल्सची, म्हणजे फोल्डराच्या परवानग्या बदलणाऱ्या कमांडची, एक ओळ सापडली. सभासद कार्डं छापायला अडचण नको म्हणून त्या सेटअपने प्रिंटरच्या स्पूल फोल्डरावर (छापायचं काम आधी जिथे साठतं तिथे) युजर्सना फुल परवानगी दिली होती, पण स्लॅश ई लावायचा राहिला होता. तो लावला तर आधीच्या परवानग्यांत नवी भर पडते, नाही लावला तर आधीच्या सगळ्या पुसून तेवढी एकच उरते. म्हणजे युजर्सना दिलं आणि खुद्द सिस्टीमलाच बाहेर काढलं, मग छपाईची रांग सांभाळणारा विंडोजचा स्पूलर लिहिणार कुठे! एका अक्षरापायी आमची कार्डं अडली होती. तुम्ही आधी आयकॅकल्स या कॅकल्सच्या नव्या भावंडाने आहे त्या परवानग्या सेव्ह करून ठेवल्यात, स्वतःच्या लॅपटॉपवरच्या त्याच फोल्डराच्या परवानग्या शेजारी ठेवून ताडून बघितल्यात, आणि तेवढ्याच परत बसवल्यात. स्पूलर बंद करून चालू केला आणि अडकलेली कार्डं भराभर बाहेर यायला लागली, ताई टाळ्या वाजवायच्याच बाकी होत्या.

जाताना कागदावर मराठीत सगळं लिहून दिलंत, तो कागद आता सीडीच्या पाकिटात आहे, आणि ती बॅच फाइल पुन्हा चालवायची नाही असं पाकिटावर लाल पेनाने ताईंनी लिहिलंय.

देव बरें करूं. चवथीला डिचोलीला यायचंच, नेवऱ्या बाजूला काढून ठेवतो, आणि या वेळी बसभाडं तरी घ्या.