चाचणीनंतर नवसाक्षरांनी वाचायचे काय?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पंधरा वर्षे व त्यावरील असाक्षरांसाठी २०२२ ते २०२७ या काळात राबवल्या जाणाऱ्या ‘उल्लास - नवभारत साक्षरता कार्यक्रमा’त तंत्रज्ञानावर मोठा भर आहे. नोंदणी ॲपवर होते, अध्ययन साहित्य सरकारच्या ‘दीक्षा’ या ऑनलाइन मंचावर मिळते आणि वाचन, लेखन व संख्याज्ञान यांची प्रत्येकी ५० गुणांची चाचणी उत्तीर्ण झाली की प्रमाणपत्र मिळते. मी सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे आणि गेली दोन वर्षे आमच्या वस्तीतील सात महिलांना शिकवते आहे. ते ॲप माझ्या फोनमध्ये आहे, त्यांच्या नाही. आणि चाचणी झाल्यावर त्यांनी रोज वाचायचे काय, हा प्रश्न मला सतावतो.

मोठ्या माणसांच्या अडचणी लहान मुलांपेक्षा निराळ्या असतात. माझ्या वर्गातील चौघींना अक्षर ‘येत नव्हते’, ते केवळ जवळचा चष्मा नसल्यामुळे. चष्मा लागल्यावर त्यांनी पंधरा दिवसांत बाराखडी ओळखली. दुसरी अडचण अंकांची. प्रवेशिकेत, म्हणजे सुरुवातीच्या वाचनपुस्तकात, आम्ही मराठी अंक शिकवतो, पण फोनवर येणारा ओटीपी इंग्रजी अंकांत असतो, आणि मराठी ४ थेट इंग्रजी आठसारखा, तर मराठी १ पुष्कळसा इंग्रजी नऊसारखा दिसतो. बँकेचा संदेश वाचताना एका ताईंनी नेमकी हीच गल्लत केली, तेव्हा चूक त्यांची नव्हती, आमच्या शिकवण्यातील उणिवेची होती. दोन्ही अंक शेजारी शेजारी ठेवून, खऱ्या फोनवरच शिकवायला हवेत.

प्रौढ माणूस सुट्या अक्षरांपेक्षा ओळखीच्या शब्दापासून लवकर शिकतो, हे काही नवे नाही. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने २००० साली सुरू केलेल्या संगणकाधारित साक्षरता कार्यक्रमात जुने संगणक वापरून, चित्र आणि आवाज यांच्या साहाय्याने, शब्द ओळखण्यावर भर देत साधारण चाळीस तासांत वाचायला शिकवले जात असे. माझ्या वर्गातील महिलांना कितीतरी अभंग तोंडपाठ आहेत. एके दिवशी फोनवर अभंग लावून त्याच्या ओळी मी फळ्यावर लिहिल्या आणि गाणाऱ्याच्या आवाजाबरोबर शब्दाखाली बोट फिरवत गेले. पुस्तकात ‘प्र’ आणि ‘र्म’ या जोडाक्षरांशी महिनाभर झगडणाऱ्या आजी त्या ओळीत ती न अडखळता म्हणून गेल्या. पाठांतरामुळे त्या तसे म्हणाल्या असे कोणी म्हणेल. परंतु पुढच्या आठवड्यात त्याच आजींनी एसटीच्या पाटीवरील ‘प्रवासी’ हा शब्द स्वतःहून वाचून दाखवला.

हीच रीत सर्वांच्या घरातील टीव्हीवर सहज शक्य आहे. अहमदाबादच्या आयआयएममधील प्रा. ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये गाण्याचे शब्द त्याच भाषेत पडद्यावर दाखवण्याच्या कल्पनेवर काम सुरू केले आणि पुढे दूरदर्शनच्या ‘चित्रहार’ व ‘रंगोली’ या कार्यक्रमांत ती वापरली गेली. यासाठी ना वेगळा वर्ग लागतो ना ॲप, आणि रात्री स्वयंपाक आवरून टीव्हीपुढे बसलेल्या बाईला आपण सराव करतो आहोत याचेही दडपण येत नाही. कानांनी कमी ऐकू येणाऱ्या वृद्धांचीही त्यात सोय आहे. आवाजाने चालणारे फोन आता लिहिण्याची गरजच टाळून देतात, त्यामुळे नवसाक्षरांना अक्षराची सवय टिकवणारे असे साधन आणखी आवश्यक झाले आहे. फोनला तोंडी सांगून काम होईल, पण बचत गटाच्या नोंदवहीत आपल्या नावापुढे किती रक्कम लिहिली आहे, हे स्वतःच वाचावे लागते.

म्हणून डीडी सह्याद्री आणि मराठी खासगी वाहिन्यांना माझी विनंती आहे की, गाणी, भजन आणि कीर्तनाच्या कार्यक्रमांत तरी म्हटला जाणारा प्रत्येक शब्द मराठीत, त्याच क्षणी, पडद्याच्या खालच्या भागात दाखवावा. अक्षर मोठे व साधे असावे, काळ्या पट्टीवर पांढरे असावे आणि जोडाक्षरे तुटक न दिसता नीट जुळलेली असावीत. शिक्षण विभागानेही ‘उल्लास’च्या वर्गांसोबत नेत्रतपासणी आणि जवळच्या चष्म्यांची सोय जोडावी, म्हणजे ती अक्षरे महिलांना दिसतील.

आपली विश्वासू,
एक सेवानिवृत्त शिक्षिका, जि. सातारा