माध्यमिक टप्प्यावरील पालक

महोदय,

मूल माध्यमिक वर्गात गेले की पालकांचा शाळेशी संबंध निकालपत्रावरील सहीपुरता उरतो आणि शाळाही त्यांना बहुधा तक्रार असली तरच बोलावते. नॅन्सी हिल व डायना टायसन यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ५० अभ्यासांच्या आढाव्यात, पौगंडावस्थेत शिरणाऱ्या मुलांच्या शैक्षणिक प्रगतीशी सर्वांत घट्ट नाते गृहपाठातील मदतीचे नव्हे, तर शिक्षणाचे मोल, अपेक्षा आणि पुढील वाटा यांविषयी घरात होणाऱ्या संवादाचे आढळले. असा संवाद अल्पशिक्षित पालकही करू शकतात, ही मला फार आश्वासक बाब वाटते. शाळांनी पालकसभा कष्टकऱ्यांना सोयीच्या वेळी घ्याव्यात. परिसरातील सुतार, परिचारिका, शेतकरी यांनाही वर्गात बोलावून त्यांच्या कामातील गणित व विज्ञान मुलांसमोर मांडू द्यावे.

— एक शिक्षिका