पपईच्या रसाआधी ‘ताप उतरला’कडे बघा

महोदय,

डेंग्यूचे रुग्ण वाढले की अफवा उठतात आणि मागोमाग त्यांचे खंडन करणारी पत्रकेही निघतात. पुष्कळदा त्यांत पहिला मान ‘पपईच्या पानांच्या रसाने डेंग्यू बरा होतो’ या समजाला मिळतो. आमच्या मते इथेच क्रम चुकतो. प्रत्येक अफवेला उत्तर देण्याइतकी माणसे कुठल्याच आरोग्य विभागाकडे नसतात. म्हणून आधी दोन गोष्टी तपासाव्यात: हे ऐकून माणूस नेमके काय करील किंवा काय करायचे टाळील, आणि त्याने जिवाला धोका किती लवकर होईल?

या कसोटीवर सगळ्यांत वर येते ते ‘ताप उतरला, आता काळजी नाही’ हे वाक्य. ते अफवेसारखे वाटत नाही, म्हणून कोणी खोडतही नाही. डेंग्यूत घातक टप्पा बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप उतरतानाच सुरू होतो. रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो, रक्त दाट होते, रक्तदाब कोसळू शकतो. हे २४ ते ४८ तास जपण्याचे, आणि नेमकी तेव्हाच फेरतपासणी टाळली जाते. पोटात जोराने दुखणे, सतत उलट्या, नाका-हिरड्यांतून रक्त, ग्लानी किंवा तगमग, चार-सहा तास लघवी न होणे, यांतले काहीही दिसले तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.

दुसरा क्रमांक अंगदुखीच्या गोळ्यांचा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला पॅरासिटामॉलच, तीही ठरलेल्या मात्रेत. हा इशारा समाजमाध्यमांपेक्षा औषध दुकानाच्या काउंटरवर हवा, कारण चूक तिथेच होते.

मग प्लेटलेटची, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशींची, धावाधाव. आकडा लाखाखाली आला की रक्तदात्यांसाठी संदेश फिरू लागतात. रक्तस्राव नसेल तर साधारण १० हजारांच्या वर प्लेटलेट चढवण्याची सहसा गरज नसते. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण, चढतेय का, हे बघणे त्याहून महत्त्वाचे; ते चढणे ही रक्त दाट होत असल्याची खूण.

‘धुरळणी झाली की डास संपले’ हा समज सावकाश नुकसान करतो. धुराने उडते डास मरतात, पिंपातल्या अळ्या राहतात. याला आठवड्याच्या कोरड्या दिवसाच्या, म्हणजे साठवलेल्या पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी करण्याच्या दिवसाच्या, प्रचारात उत्तर देता येईल. आणि पपई? औषधपाणी चालू ठेवून कोणी रस घेत असेल तर तो वाद नंतर घेतला तरी चालेल. रसाच्या भरवशावर दवाखाना टाळला जात असेल, तर मात्र तीच अफवा त्या वस्तीत यादीत वर सरकवावी.

हे कळायला आशाताईंकडे एक साधी वही पुरते: तारीख, वस्ती, अफवेचे शब्द जसेच्या तसे, कुठे ऐकली. एकाच गटात फिरणारी अफवा वर्तमानपत्रात खोडायला गेलो तर आपणच ती गावभर करतो. तिचे उत्तर त्या गटातच द्यावे. मथळ्यात अफवा नको, खरी गोष्ट हवी: ‘ताप उतरल्यावर दोन दिवस जास्त जपा’. अफवेचा उल्लेख खाली एकदाच, ती का चूक हे सांगून.

पत्रके किती वाटली यावरून काम मोजू नये. आठवड्याने बाह्यरुग्ण विभागात दहा नातेवाइकांना विचारावे, ‘ताप उतरला की काय कराल?’ ‘कामावर जाऊ’ असेच उत्तर येत राहिले, तर मजकूर बदलावा.

– सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातील काही कार्यकर्ते