पालकमंत्री साहेब, मे २०२३ मध्ये मागितलेला वेळ संपला का?

मा. पालकमंत्री, सोलापूर जिल्हा यांस,
सप्रेम नमस्कार.

साहेब, हे पत्र उजनीच्या पाइपलाइनबद्दल नाहीये. पाण्यावर लिहिणारे सोलापुरात भरपूर आहेत आणि ते लिहीतच राहणार. मला विचारायचंय ते समलिंगी लग्नाबद्दल. हसू नका ओ, पूर्ण वाचा.

एप्रिल २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात सुनावणी चालू असताना केंद्रानं सगळ्या राज्यांना पत्र पाठवून मत मागवलं होतं. आंध्र, आसाम आणि राजस्थाननं सरळ विरोध केला (राजस्थानात तेव्हा काँग्रेसचं सरकार होतं, म्हणजे एकाच पक्षाला धरून झोडायची सोय नाही). आपल्या महाराष्ट्रानं मे मध्ये काय कळवलं? वेळ द्या. उत्तर प्रदेश, मणिपूर, सिक्कीम पण तसंच म्हणाले. ठीकय, विषय मोठा आहे, घ्या वेळ. पण १७ ऑक्टोबर २०२३ ला निकाल लागला, जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिका पण फेटाळल्या, मधल्या काळात लोकसभा झाली, विधानसभा झाली, आणि महाराष्ट्राचं मत काय हे मला एकाही सभेत ऐकायला मिळालं नाही.

निकालावर माझं भांडण आहे पण ते बाजूला ठेवू. पाचही न्यायाधीश म्हणाले की लग्न हा मूलभूत हक्क नाही, स्पेशल मॅरेज अॅक्टमध्ये (धर्म न बघता रजिस्टर लग्न करायचा कायदा) बदल करायचा तर ते कायदेमंडळाचं काम. नागरी जोडीदारीला, म्हणजे लग्न न म्हणता कायद्यानं जोडपं म्हणून धरायला, तरी मान्यता द्यावी यावर तीन विरुद्ध दोन झालं आणि तेही गेलं. त्या दिवशी तुमच्या बाजूचे सगळे खूश. विश्व हिंदू परिषदेनं स्वागत केलं, संघाच्या सुनील आंबेकरांनी स्वागत करून वर म्हटलं की आपली संसदीय व्यवस्था यावर गांभीर्यानं चर्चा करून निर्णय घेऊ शकते. काँग्रेस म्हणाली निकालाचा अभ्यास करतोय, सविस्तर नंतर बोलू. झाला असेल आता अभ्यास.

तर हे संसद-संसद काय प्रकरण आहे ते बघा. डिसेंबर २०१५ मध्ये काँग्रेसचे शशी थरूर समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ बदलायचं खाजगी विधेयक घेऊन लोकसभेत उभे राहिले तर ते मांडूपण दिलं नाही, ७१ विरुद्ध २४. चर्चा लांबच, नुसतं टेबलावर ठेवायलाच नकार. मग २०१८ मध्ये तोच विषय सुप्रीम कोर्टात आला तेव्हा केंद्र म्हणालं आम्ही कोर्टाच्या विवेकावर सोडतो. कोर्टानं ६ सप्टेंबरला दोन सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना गुन्हा म्हणणारा भाग काढून टाकला, सरकारला वाईटपणा घ्यावा लागला नाही. आणि लग्नाचा विषय आला की एकदम उलटं! डिसेंबर २०२२ मध्ये भाजपचे सुशील मोदी राज्यसभेत म्हणाले की दोन न्यायाधीश बसून असल्या सामाजिक विषयाचा निर्णय करू शकत नाहीत. बरं, संसदेत करा म्हणावं तर सुप्रिया सुळेंनी एप्रिल २०२२ मध्येच स्पेशल मॅरेज अॅक्ट बदलायचं विधेयक लोकसभेत मांडलेलं होतं, ती लोकसभा संपली तसं तेही संपलं. संसदेत गेलं की कोर्टाकडं बोट, कोर्टात गेलं की संसदेकडं बोट.

आणि कोर्टाचा आदर म्हणाल तर तो निकाल बघून ठरतो. शबरीमला मंदिरात सगळ्या वयाच्या बायकांना प्रवेश देणाऱ्या निकालानंतर अमित शहा केरळात जाऊन म्हणाले होते की कोर्टानं अंमलात आणता येतील असेच आदेश द्यावेत. शाहबानोच्या, म्हणजे घटस्फोटित मुस्लिम बाईच्या पोटगीच्या, खटल्यावेळी काँग्रेसनं तर निकालच कायदा करून फिरवला. मनासारखं झालं की न्यायदेवता, नाही झालं की न्यायाधीशांना समाज कळत नाही.

बाहेरच्या देशातले कर्मठ पुढारी काय लई भारी आहेत असं नाही. अमेरिकेत जून २०१५ मध्ये पाच विरुद्ध चारनं समलिंगी लग्नाला हक्क मिळाला तर रिपब्लिकन सिनेटर टेड क्रूझ म्हणाले न्यायाधीशांनाच निवडणुकीला उभं करा, केंटकीतली किम डेव्हिस नावाची काउंटी क्लार्क लग्नाचं लायसन्सच देईना म्हणून जेलमध्ये जाऊन आली. पण २०२२ मध्ये त्याच लग्नांना संरक्षण देणारा कायदा आला तेव्हा सिनेटमधल्या १२ रिपब्लिकननी बाजूनं मत दिलं. विरोध असो नाहीतर पाठिंबा, नावासकट नोंद झाली. आपल्याकडं कोण कुठल्या बाजूला आहे हे मोजायची वेळच येऊ देत नाहीत.

अजून एक, केंद्रानं कोर्टात लिहून दिलं होतं की ही मागणी म्हणजे शहरी उच्चभ्रूंचे विचार. साहेब, एकदा पूर्व भागात या, अशोक चौकाच्या मागं. माझा एक दोस्त टॉवेलच्या कारखान्यात आहे, त्याचा जोडीदार रिक्षा चालवतो, कितीतरी वर्षं एका खोलीत भाड्यानं राहतात. उच्चभ्रू म्हणावं तर त्यांच्याकडं कूलर आहे, बस. मागं रिक्षावाल्याला रात्री अपेंडिक्सचं दुखणं उठलं, आम्ही एका खाजगी दवाखान्यात नेलं. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर 'रुग्णाशी नाते' असा रकाना असतो, तिथं ह्यानं 'भाऊ' लिहिलं. एकाचं आडनाव तेलुगू, दुसऱ्याचं कन्नड. काउंटरवरच्या पोरीनं दोन्ही आधार कार्डं शेजारी ठेवून बघितली आणि म्हणाली, सख्खं कोणीतरी बोलवा. मग अक्कलकोटवरनं खरा भाऊ आला, जो ह्यांच्याशी बोलत नव्हता, त्यानं बॉलपेन मागितलं, उभ्या उभ्या सही केली, बिल कोण भरणार ते विचारलं आणि पेशंटचं तोंड न बघता परतीच्या एसटीला गेला. बिल अर्थात माझ्या दोस्तानंच भरलं, पैसे घेताना कोणी नातं विचारलं नाही. मी बायको-पोरांचा माणूस आहे, मला माझ्या बायकोच्या फॉर्मवर सही करताना आजवर कुणी आधार कार्ड मागितलं नाही.

निकालानंतर केंद्रानं काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. कॅबिनेट सचिवांची समिती एप्रिल २०२४ मध्ये नेमली, ऑगस्टमध्ये सांगितलं की असे जोडीदार रेशन कार्डावर एकाच कुटुंबात धरा, बँकेत जॉइंट खातं काढायला आणि नॉमिनी लावायला अडचण नाही. चांगलंय. आरोग्य मंत्रालयानं राज्यांना पत्र लिहिलं त्यात असंही आहे की जवळचे नातेवाईक नसतील तर मृतदेह जोडीदाराला ताब्यात घेता यावा. वाचलंत ना साहेब? बॉडी न्यायला नातं चालतंय, अपेंडिक्स काढायला चालत नाही.

आणि संस्कृतीचं म्हणाल तर जानेवारीत गड्ड्याला, आपल्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला, तुम्ही लोक येताच, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळ्याला मंत्री-आमदार पुढं असतात. सिद्धरामेश्वर योगी, लग्न करणार नाही म्हणाले, म्हणून कुंभारकन्येनं त्यांच्या योगदंडाशी लग्न लावलं, आणि संमती वाचन झालं की बाराबंदीतलं अख्खं गाव त्या लग्नावर अक्षता टाकतं. मी तुलना करत नाहीये, श्रद्धेच्या जागी श्रद्धा, माझ्या पण घरी नंदीध्वजाला हात लावल्याशिवाय संक्रांत होत नाही. एवढंच म्हणतोय की लग्न म्हणजे फक्त अमुक आणि तमुक असलं छापील भाषण करायचंच असेल तर या गावात जरा जपून करा.

आता कामाचं. लग्न आणि घटस्फोट हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे राज्याला पण त्यात बोलता येतं, सगळं दिल्लीचं असं सांगून हात झटकू नका. दवाखाने तर राज्य सूचीत, थेट तुमच्या सरकारच्या हातात. रुग्णानं शुद्धीत असताना ज्याचं नाव लिहून दिलं त्याची सही संमतीपत्रावर चालेल, असं परिपत्रक मुंबईवरनं निघू शकतं, त्याला ना संसद लागते ना सुप्रीम कोर्ट. निदान तेवढं मंत्रिमंडळात मांडा. आणि राज्याचं लग्नाबद्दलचं मत लेखी द्या, विरोध असेल तर विरोध लिहा, आम्ही त्यावर भांडू, पण 'वेळ द्या' हे उत्तर आता चालणार नाही.

पुढच्या बैठकीला नियोजन भवनात याल तेव्हा आम्ही निवेदन घेऊन गेटवर थांबतो. बंदोबस्त वाढवू नका, पाच-सहा जणच असू आणि त्यातले दोघं सेकंड शिफ्टला जायचे असतात, त्यामुळे दुपारच्या आत बोलावलंत तर बरं. निवेदनावर पोच मात्र सही-शिक्क्यासकट द्या.

आपला,
एक सोलापूरकर मतदार