मॅडम, तुम्ही आबांचं नाव आधी लिहिलंत

मॅडम, नमस्कार.

मंगळवारी एम.एस्सी.ची चौकशी करायला तुमच्या कॉलेजात आले होते. तुम्ही रजेवर होतात. आबा सोबत होते. प्रयोगशाळेतल्या काकांनी ओळखलं, लोखंडी कपाट उघडलं आणि एक फाइल टेबलावर ठेवली. त्यात पाटणादेवीच्या डोंगरातली आमची खरपुडीची वेल होती. वाळलेली, कागदावर टाके घालून बसवलेली. उजव्या कोपऱ्यात खाली तुमच्या अक्षरातली चिठ्ठी. सगळं इंग्रजीत, फक्त दोन गोष्टी देवनागरीत: 'खरपुडी', आणि संग्राहकाच्या जागी आबांचं पूर्ण नाव. तुमचं नाव त्यांच्या मागे.

आबा चौथी शिकलेत. बोट ठेवून एकेक अक्षर लावलं आणि मला विचारलं, "हाई मनं नाव शे?" मी हो म्हटलं. मग चाळीसगाव येईपर्यंत बसमध्ये ते काही बोलले नाहीत. मीही बोलू शकले नाही. म्हणून हे पत्र.

तुमच्या आधीही लोक आले होते, मॅडम. एका मोठ्या संस्थेतले एक संशोधक सलग अकरा दिवस आबांना घेऊन डोंगर फिरले. शेळ्या मी सांभाळल्या, शाळा बुडवून. कुठलं झुडूप कोणत्या नक्षत्रात फुलतं, कोणता कंद गोड, कोणता घशाला खाजतो, सगळं आबांनी सांगितलं. पुढे त्यांचा प्रबंध झाला. मी बी.एस्सी.ला असताना तो मुद्दाम मिळवून वाचला. आबा त्यात कुठेच नव्हते. आभाराच्या पानावर ड्रायव्हरचं नाव होतं, ते बरंच झालं, त्यानेही कष्ट केले होते. पण आबांचं नाव त्या माणसाने एकदा विचारलंसुद्धा नव्हतं. अकरा दिवस 'ए मामा'.

तुम्ही पहिल्याच दिवशी वही उघडून नाव विचारलंत, गाव विचारलंत. मग विचारलंत, खरपुडी काट्यातच का सापडते? आबा म्हणाले, उघड्यावर उगवली तर शेळी सोडत नाही, करवंदीत शिरली तीच फुलापर्यंत जाते. तुम्ही तिथेच खाली बसलात आणि दोरी ताणून दहा बाय दहा मीटरचे चौकोन आखायला लागलात. करवंदीतली रोपं वेगळी मोजली, मोकळ्यावरची वेगळी. आबांचा शब्द तुम्ही नुसता ऐकून घेतला नाहीत, मोजण्याजोगा मानलात.

आणि कंद काढला नाहीत. नमुना मुळासकट घ्यायचा असतो हे मला पुढे कळलं. तुम्ही फुलाची एक फांदी घेतलीत, कंदाचं माप जागेवरच माती सारून घेतलंत आणि माती परत दाबलीत. खरपुडी, म्हणजे शास्त्रीय नावाने सेरोपेजिया बल्बोसा, काही जगातून संपत आलेली वनस्पती नाही. पण कंद खाता येतो म्हणून ती उपटली जाते आणि आमच्या बाजूला दरवर्षी कमी दिसते. चिठ्ठीवर तुम्ही डोंगराचं नाव लिहिलंत, नाला लिहिला नाहीत. तेही मी मंगळवारीच पाहिलं.

त्या दिवशी फूल उभं चिरून दाखवलंत ते आजही डोळ्यांसमोर आहे. कंदिलासारख्या नळीत खाली झुकलेले केस, त्यामुळे आत गेलेली चिमुकली माशी बाहेर येऊ शकत नाही. केस सुकले की तीच परागांची गाठोडी घेऊन सुटते. आबा म्हणाले होते, पन्नास वर्षं हे फूल पाहतोय, आत कधी डोकावलो नव्हतो. मी वनस्पतिशास्त्र घेतलं ते त्या दुपारमुळे.

वर्गीकरण शिकले तेव्हा त्या चिठ्ठीचं वजन समजलं. नमुन्याचा उल्लेख कायम संग्राहकाचं नाव आणि त्याचा क्रमांक यांनीच होतो. मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियमची, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाची, सुरुवात १९०६ची, तिथले शंभर वर्षांपूर्वीचे नमुने आजही लोक उघडून बघतात. म्हणजे आमची खरपुडीही पुढे कुणी उघडेल, आणि ज्याला त्या नमुन्याविषयी लिहायचं असेल त्याला आबांचं नाव लिहावंच लागेल. तुम्ही हे कुणाला सांगितलं नाहीत. आम्हालाही नाही. कुणी पाहील याची वाट न बघता नीट वागणारी माणसं मी फार थोडी पाहिलीत, मॅडम. ज्यांनी माझ्या बापाला अकरा दिवस मामा म्हटलं त्यांच्याकडे पदव्या कमी नव्हत्या.

देवनागरीत का लिहिलंत, हे मला विचारायचं होतं. आबा म्हणाले, विचारू नको. मला वाचता यावं म्हणून लिहिलं, त्यात काय विचारायचं.

पावसाळा लागला की या. नाल्यावरची करवंदी कुणीतरी सरपणासाठी तोडायला आलं होतं, आबांनी तोडू दिली नाही. यंदा तिथे किती वेल चढतात ते मोजायला त्यांनी सुतळीचा गुंडा आणून ठेवलाय. कळण्याची भाकर आणि ठेचा आई करेल.

तुमची,
आबांची मुलगी