आई, त्या रस्त्यावर ट्रक येतच नाहीत

आई, बाबा,

फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलायला लागता आणि माझं सांगायचं राहूनच जातं, म्हणून सरळ लिहून काढते. अक्षरं मोठी ठेवलीयेत, दादाकडून वाचून घेऊ नका, त्याला कंटाळा आला की तो मधला मजकूर गाळतो. विषय तोच, माझी सायकल. आई तू परवा म्हणालीस ना, डोंगरात एकटी पोरगी आणि मागून ट्रक आला तर काय करशील. ट्रक येतच नाही गं. तुला बरं वाटावं म्हणून नाही सांगत, खरंच येत नाही, आणि का येत नाही ते नीट सांगते म्हणजे रविवारी दर तासाला फोन करायचं बंद होईल.

इथे फ्रान्समध्ये लिऑनहून उत्तरेला लोकल ट्रेनने पाऊण तासाच्या आत बेलव्हिल नावाचं गाव येतं. सायकल डब्यात घेऊन जाता येते. गावाला लागून सोन नदी, आणि नदीच्या कडेकडेने पॅरिस-लिऑन मोटरवे, जुना नॅशनल हायवे आणि रेल्वे असं सगळं एकाशेजारी एक. ज्याला कुठेतरी लांब जायचंय तो त्या पट्टीतून जातो. आणि तिथून पश्चिमेला थोडं आत गेलं की टेकड्या सुरू होतात, हाच बोझोलेचा द्राक्षपट्टा. आतले रस्ते फक्त एका गावातून दुसऱ्या गावात नाहीतर बागेत जातात, त्यामुळे बाहेरच्या माणसाला तिकडे वळायचं काही कारणच नाही. फ्रान्समध्ये सगळे मिळून साधारण 11 लाख किलोमीटर रस्ते आहेत, त्यात मोटरवे जेमतेम 12 हजार, आणि बहुतेक गाड्या मात्र त्या मोटरवेला आणि मोठ्या रस्त्यांना चिकटलेल्या. बाकीचे रस्ते कोणासाठी, तर इथे जवळपास 35 हजार गावपालिका आहेत, एवढं एवढंसं गाव पण त्याला स्वतःचा मेयर, स्वतःचं चर्च आणि स्वतःचा डांबरी रस्ता. एक गाडी नीट जाईल एवढाच रुंद, पण खड्डा शोधून सापडत नाही. बाबा, मणेराजुरीच्या रस्त्याचं नाव मी काढणार नाही, तुम्हाला उगाच राग येईल.

गाडी येतच नाही असं नाही, येते. पण कायदा असा की गावाबाहेर सायकलवाल्याला ओव्हरटेक करताना दीड मीटर जागा सोडायची, गावात एक मीटर. वळण असेल तर मागचा माणूस थांबतो, हॉर्न न वाजवता. सुरुवातीला मलाच संकोच वाटायचा, मी बाजूला उतरून हाताने जा जा म्हणायचे आणि तो गोंधळायचा. सगळेच संत आहेत असं नाही हं, उन्हाळ्यात रविवारी मोटारसायकलवाले घाटात टोळीने येतात आणि तेव्हा मी सकाळी लवकर निघून त्यांच्या आधी वर पोचते. भटकी कुत्री नाहीत, हेही सांगून ठेवते कारण पुढचा प्रश्न तोच असणार.

आता बाबा, हा भाग तुमच्यासाठी. इथल्या बागा बघून तुम्ही आधी हसाल. मांडव नाही, वाय आकाराचा आधार नाही, जुन्या बागांत तर तारसुद्धा नाही. गुडघ्याएवढं झुडूप, वर चारपाच फाटे फुटलेले, बास. ठिबक नाही. आणि लागण इतकी दाट की जुन्या पद्धतीच्या बागेत एकरी 4 हजार झाडं बसतात, आपण नऊ बाय पाच फुटांवर हजाराच्या आत थांबतो. छाटणी वर्षातून एकदाच, थंडीत, कारण वेल थंडीत आपला आपण झोपतो, आपल्यासारखं एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरला फळछाटणी असं दोनदा मागे लागावं लागत नाही. जात एकच, गामे, काळी. 1395 साली शेजारच्या बर्गंडीच्या ड्यूकने हुकूम काढला होता की ही हलकी जात उपटून टाका, उत्पादन भरपूर देते पण दर्जा नाही म्हणून. तिकडे त्यांनी उपटली, आणि या टेकड्यांवरच्या ग्रॅनाइटच्या मुरमाड जमिनीत मात्र ती अशी जमली की आज इथे दुसरं काही लावतच नाहीत म्हटलं तरी चालेल. तोडणी बहुतेक हाताने, कारण वाइन करताना घड अख्खेच टाकीत घालतात, मशीनने मणी सुटे होऊन चालत नाही.

मों ब्रुयी नावाची टेकडी आहे, 484 मीटर. चढ 3 किलोमीटरचाच पण सरासरी 8 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दर शंभर मीटरला आठ मीटर वर. 2017 ला पॅरिस-नीस सायकल शर्यतीतली एकेकट्याने वेळ लावून चालवायची फेरी याच टेकडीवर संपली होती आणि आलाफिलीप नावाचा फ्रेंच सायकलपटू जिंकला होता, तो जिथे मोठा गिअर मारत गेला असेल तिथे मी सगळ्यात हलक्या गिअरवर, जिभेवर मीठ, आणि एक आजोबा इलेक्ट्रिक सायकलवरून बोंझूर म्हणत पुढे. पण सांगायचं ते वेगळंच. वर एक छोटं देऊळ आहे, म्हणजे चॅपेल, द्राक्षांच्या देवीमातेचं. ते का बांधलं माहितीये? भुरीमुळे, वेलीवरच्या त्या पांढऱ्या बुरशीमुळे! एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इथे पहिल्यांदा भुरी आली, कोणाला उपाय माहीत नाही, बागा पांढऱ्या पडल्या, तेव्हा शेतकऱ्यांनी नवस बोलल्यासारखं हे उभं केलं. मी तिथे बसून केळं खात होते आणि डोळ्यासमोर तुम्ही, पाठीवर पंप, पहाटे पाचला गंधक मारायला निघालेले.

आणि भुरीवरच थांबलं नाही. पाठोपाठ अमेरिकेतून फायलोक्झेरा म्हणजे मुळं खाणारी कीड आली आणि फ्रान्सच्या बागा बसल्या. शेवटी उपाय निघाला तो अमेरिकन खुंटावर इथली काडी भरायचा. त्या कलमाचा प्रचार करणाऱ्यांत विक्टर प्युलिया हा माणूस इथल्याच शिरूब्ल गावचा, गावात त्याचं स्मारक आहे. इकडे एखाद्या सेनापतीसारखा द्राक्षवाल्याचा पुतळा बघून मला फार बरं वाटलं. बाबा, तुमचा डॉगरिज खुंटसुद्धा मुळात टेक्सासचा, तेव्हा त्याची आणि इथल्या खुंटांची भावकीच निघाली. आणि डावणी, ती दुसरी बुरशी? मोरचूद आणि चुना घालून तुम्ही जे ढवळायचात ते बोर्डो मिश्रण 1885 च्या सुमाराला बोर्डोकडेच निघालं. अजूनही सेंद्रिय बागांत तेच मारतात, पानांवर तो निळसर रंग लांबून ओळखू येतो आणि वासावरून तर मी डोळे मिटूनही सांगेन.

शिरूब्लच्या वर चढ चालू राहतो, बागा संपून जंगल लागतं आणि सातशे मीटरच्या वर एक खिंड येते. वाटेत एक कठडा आहे तिथून खाली सगळी सोनची सपाटी दिसते आणि हवा स्वच्छ असेल तर थेट मों ब्लां. लोक म्हणतात मों ब्लां फार स्पष्ट दिसला की पाऊस येणार, आणि येतो हो! सकाळी आवाज म्हणाल तर चेनचा, आणि कुठेतरी कात्रीचा कटकट. दंडोबा डोंगराच्या चढाला मी शाळेच्या सहलीत रडले होते हे आई सगळ्यांना सांगते, तिने मला आता बघावं.

पण ही शांतता नुसती गोड नाहीये, तेही लिहिते. गावात दुपारी बारा ते दोन सगळं बंद, ते ठीक, सोमवारी बेकरी बंद, तेही ठीक. पण कित्येक गावांत बेकरीच उरलेली नाही. मधेच उपटलेल्या बागा दिसतात, नुसते खुंट ढीग करून ठेवलेले, कारण ही वाइन पूर्वीइतकी खपत नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये कोंब फुटल्यावर कडाक्याचं हिमदव पडून फ्रान्सभर बागा जळाल्या, तसं काही झालं की ज्याच्या घरात पुढे करणारं कोणी नाही तो म्हणतो आता बास. आपल्याकडे अवकाळीनंतर लोकांनी बागा तोडल्या त्यापेक्षा हे वेगळं कुठाय. मला रस्ता रिकामा मिळतो तो थोडा यामुळेसुद्धा. तुमची बाग दादा करतोय म्हणून मी असं आरामात लिहितेय, ते मला कळतं.

आई, खाण्यापिण्याचं. पाण्याच्या दोन बाटल्या सायकलला असतात आणि संपल्या की दफनभूमीत भरते. ओरडू नको! प्रत्येक गावाला दफनभूमी असते, तिथे फुलांना घालायला नळ असतो, पिण्यायोग्य आहे की नाही ते बघायचं आणि भरायचं, सगळे सायकलवाले हेच करतात. आणि वाइनचं म्हणशील तर इथे सायकलवाल्यालाही गाडीवाल्याचाच नियम आहे, रक्तात लिटरला अर्धा ग्रॅम अल्कोहोल झालं की दंड. मी सायकलवर असताना चाखत पण नाही. घरी आल्यावर काय करते ते विचारू नको.

तर मुद्दा असा की तुम्ही सप्टेंबरात या. खरडीनंतरची सबकेनची, म्हणजे काडीला फाटे काढायची कामं उरकलेली असतात, फळछाटणीला वेळ असतो, आणि इथे नेमकी तोडणी चालू. फक्त तेव्हाच रस्त्यावर थोडी वर्दळ असते, तोडणीवाल्या पोरांच्या व्हॅन आणि झाडांच्या ओळीवरून चारी चाकं दोन्ही बाजूला टाकून जाणारे उंच ट्रॅक्टर. बाबा, ते ट्रॅक्टर बघायलाच तुम्हाला यायचंय. आईला चढ नको, बोझ्यो गावापासून बेलव्हिलकडे जुन्या रेल्वेमार्गावर सायकलची वाट केलीये, रूळ काढून. रेल्वेची वाट म्हणजे उतार इतका हलका की गुडघ्याला कळणार पण नाही, वर तिला इलेक्ट्रिक सायकल भाड्याने घेऊ. साडीवर जमणार नाही, पंजाबी ड्रेस चालेल, ओढणी मात्र घरी. नोव्हेंबरात आलात तर त्याच बोझ्योमध्ये तिसऱ्या गुरुवारच्या आदल्या रात्री छाटणीच्या काड्या पेटवून गाड्यावरून नव्या वाइनची पिंपं मिरवतात, पण तेव्हा थंडी फार आणि तुमचं बागेतलं डिपिंग, घड औषधात बुडवायचं, त्यामुळे ते राहू दे.

बाबांचा पासपोर्ट संपत आलाय, तो या महिन्यातच रिन्यूला टाका, व्हिसाची अपॉइंटमेंट उन्हाळ्यात मिळत नाही. दादाला विचारा कुठली कागदपत्रं, आणि त्याने दुर्लक्ष केलं तर मला कळवा. येताना बेदाणा आणा, घरचा, रॅकवरचा हिरवा, दोन किलो. इथे दुकानात मिळतो तो काळपट आणि लहान, आणि मी ऑफिसात सगळ्यांना सांगून बसलेय की खरा बेदाणा तुम्ही खाल्लेलाच नाही. चढावर खिशात टाकायला पण तोच लागतो. आई, चटणी नको म्हणत नाहीये, पण मागच्या वेळी बॅगेत सांडली होती तेवढी बांधून आण.

तुमची,
छकुली