डिस्क शाबूत आहे, बाबा

पुणे,
२३ नोव्हेंबर २०२५

ती. आई व बाबा यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर नीट बोलता आलं नाही म्हणून आधी तेच लिहिते. लॅपटॉप तुमच्या हातून बिघडला नव्हता. डिस्कही गेलेली नव्हती. फोटो सगळे सुखरूप आहेत. मी मोजले, २,८६४ भरले.

भाऊबीजेला आले तेव्हा तुम्ही लॅपटॉप पिशवीत घालून माझ्या हातात दिलात आणि एवढंच म्हणालात, "मीच मध्ये बंद केला असेन." दुकानदाराने तर डिस्क गेली, आता नवा घ्या म्हणून सांगितलं होतं. तुम्ही जेवताना गप्प होतात. कशासाठी ते मला कळत होतं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये चार महिने बसून तुम्ही एकेक फोटो स्कॅन केलात, आणि पुढच्याच वर्षी २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं. अल्बमांचा लगदा झाला. माळ्यावर टाकलेला लॅपटॉप तेवढा वाचला. आपल्या घरातले जुने चेहरे आता त्या एका डिस्कवरच होते.

इथे आल्यावर मी पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट घेतलं. विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ती एक प्रणाली आहे. ते पेन ड्राइव्हवरूनच चालवता येतं, डिस्कवर काही लिहावं लागत नाही, म्हणून आधी फोटो काढून घ्यायचे असं ठरवलं. उतरवलेली फाइल अस्सल आहे का हे बघायला तिच्यासोबत एक लांबलचक आकडा दिलेला असतो. आपल्याकडच्या फाइलवरून तोच आकडा काढायचा आणि ताडून बघायचा, एक अक्षरसुद्धा वेगळं निघता कामा नये. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्याच संकेतस्थळावर हल्ला होऊन काही काळ खोटी फाइल दिली जात होती, तेव्हापासून मी हे टाळत नाही. तुम्ही बँकेत असताना कॅश जुळल्याशिवाय काउंटरवरून उठत नव्हता, त्याची आठवण झाली.

मिंट सुरू झालं, आणि डिस्क दिसेना. पेन ड्राइव्ह दिसत होता, डिस्कच्या जागी काहीच नाही. मी घाईघाईत तुम्हाला फोन करून तसंच सांगितलं. तुम्ही "बरं" म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. बाबा, तो फोन मी करायला नको होता. आधी शोधायचं, मग सांगायचं, एवढं भान ठेवायला हवं होतं. रात्रभर मला तुमचं ते "बरं" ऐकू येत होतं.

झोप येईना तेव्हा मशीन सुरू होतानाच्या नोंदी ओळीने वाचायला घेतल्या. शेकडो ओळी असतात, बहुतेक आपल्या उपयोगाच्या नसतात. पण मध्येच एक अशी होती की मी उठून बसले. तिचा अर्थ असा: एक डिस्क सापडली आहे, पण ती आड ठेवलेली आहे; वापरायची असेल तर बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, 'रेड' बदलून 'एएचसीआय' करा. काही लॅपटॉपांमध्ये कारखान्यातूनच डिस्क 'रेड' नावाच्या अशा एका मधल्या व्यवस्थेमागे ठेवलेली असते. विंडोजकडे तिथून आत जायची वाट असते, लिनक्सला डिस्क सरळ समोर लागते. एवढंच होतं. कुणीतरी कधीतरी याच जागी अडकलं असेल आणि पुढच्या माणसाची रात्र वाया जाऊ नये म्हणून ती ओळ आत लिहून ठेवली असेल. त्या माणसाला मी ओळखत नाही, पण मी त्याचे मनापासून आभार मानले.

सेटिंग बदललं, पुन्हा सुरू केलं. डिस्क समोर! विंडोजचा भाग मी फक्त वाचण्यापुरता उघडला, म्हणजे चुकूनही त्यावर काही लिहिलं जाणार नाही. फोटो बाहेर काढले आणि मगच पुढे हात घातला.

आता तुम्ही स्वतःवर घेतलेल्या दोषाबद्दल. या प्रकारच्या डिस्क स्वतःचा हिशेब ठेवतात. तुमच्या डिस्कवर खराब झालेल्या माहितीची नोंद शून्य आहे. पण नीट बंद न होता अचानक वीज गेल्याची नोंद १८७ वेळा आहे. लॅपटॉप २०१८ चा, बॅटरी कधीच संपलेली, आणि चिपळूणला पावसाळ्यात लाइट किती वेळा जातात हे मी काय सांगू. लाइट गेले की मशीन तिथल्या तिथे बंद. त्यातली एक वेळ अपडेट चालू असताना आली असणार, म्हणून विंडोज दुरुस्तीच्या चक्रातून बाहेरच येईना. तुमच्या बोटाचा त्यात काही संबंध नाही. बॅटरी नवी घातली आहे.

विंडोज पुन्हा न घालता मिंटच का बसवलं, असं तुम्ही विचाराल. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबरला थांबले, आणि आपला प्रोसेसर ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. आणि "फुकट कसं देतात?" याचं उत्तर: त्याचा गाभा लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये हेलसिंकीत विद्यार्थी असताना लिहायला घेतला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. आज त्यावर काम करणाऱ्या अनेकांना त्यांच्या कंपन्याच पगार देतात. मिंटवाले देणग्यांवर चालतात. मी तुमच्या नावाने थोडी पाठवली आहे.

वायफायने एक संध्याकाळ घेतली. त्याच्या चिपला वेगळा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा छोटा प्रोग्राम, लागतो, तो उतरवायला इंटरनेट लागतं, आणि वायफाय तर बंद. शेवटी मोबाइल केबलने जोडून इंटरनेट दिलं. पुन्हा सुरू करताना एक निळी पाटी येते आणि पासवर्ड मागते. ती दहा सेकंदांत निघून जाते, पहिल्या वेळी माझ्याकडून हुकली. आता सगळं झालंय, तुम्हाला ती दिसणार नाही.

आई, तुझ्या मंडळाची भजनं उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसत होती. बाबांनी ती जुन्या फॉन्टमध्ये टाइप केली होती. तोच फॉन्ट विंडोजच्या फोल्डरमधून आणून बसवला आणि सगळी भजनं जशीच्या तशी आली. छपाईसुद्धा करून बघितली, सोबत पाठवते. तू म्हणाली होतीस तशी अक्षरं मोठी केली आहेत.

बाबा, आता बिनधास्त वापरा. टाइमशिफ्ट नावाची सोय रोज सिस्टीमची प्रत ठेवते, काही बिघडलंच तर मी फोनवरून कालच्या स्थितीत न्यायला सांगेन. त्यात फोटो येत नाहीत, म्हणून फोटोंच्या तीन प्रती वेगळ्या केल्या: एक माझ्याकडे, एक दादाकडे, एक पेन ड्राइव्हवर तुमच्यासाठी. तो पेन ड्राइव्ह कृपा करून माळ्यावरच ठेवा.

लॅपटॉप मामांचा अमोल शनिवारच्या एसटीने घेऊन येतोय. सुरू केलात की 'फोटो' फोल्डरमध्ये 'कळत नाहीत' असं एक फोल्डर दिसेल. त्यात एकतीस फोटो आहेत. एका फोटोत आई गुहागरच्या समुद्रात गुडघाभर पाण्यात उभी आहे, कडेवर मूल आहे. ते मी की दादा? आणि साल कोणतं? दोघांनी बसून बघा आणि मला फोन करा.

तुमची,
मनू